हनिमूनला सहा जण, लिफ्टमध्ये सात

१

प्राचीचा पासपोर्ट नाहीसा झाला तेव्हा ती, तिचा नवरा, सासू, सासरे, वडील आणि एक रिटायर्ड एसटी कंडक्टर अशी सहा माणसं इटलीतल्या जेनोवा शहरात एका डोंगराच्या पोटात अडकलेली होती. सातवी एक इटालियन आजी होती. तिचा हनिमूनशी काही संबंध नव्हता.

हनिमूनला सहा जण का, याचा खुलासा करायला हवा. निरगुडसरच्या ऋषीचं बेल्ह्याच्या प्राचीशी लग्न झालं. बोटीच्या सहलीवाल्याकडे हे दोघं चौकशीला गेले. तो म्हणाला, सहा जण असले तर गॅलरीची खोली मिळते. ही बातमी घरी पोचल्यावर ऋषीचे वडील सावळाराम आणि आई सारजाबाई यांनी नव्या कपड्यांची खरेदी केली. प्राचीचे वडील दादाभाऊ बेल्ह्याच्या बैलबाजारातले जुने दलाल, घरी एकटेच, म्हणून तेही आले. सहावी खाट सहलीवाल्यानं झुंबरबाईंना दिली. घाटघरच्या झुंबरबाई जुन्नरच्या गाड्यांवर कंडक्टर होत्या. रिटायर झाल्यावर मुलगा म्हणाला फ्लॅट घेऊ, बाई म्हणाल्या जहाज बघू. गॅलरीची खोली मिळाली ती अर्थातच थोरल्या मंडळींना. नवं जोडपं आतल्या बिनखिडकीच्या खोलीत होतं.

त्या दिवशी जहाज जेनोवाला लागलं, संध्याकाळी सुटायचं होतं. तेवढ्यात शहर बघून घ्यायचं. जेनोवा डोंगराला असं टांगलेलं आहे की खालच्या आळीतून वरच्या आळीत जायला सरकारी लिफ्ट आहेत. अशीच एक लिफ्ट मंडळींनी धरली. वरून बंदर दिसतं असं कुणीतरी सांगितलं होतं.

"आपल्या नाणेघाटात अशी बसवली तर?" सारजाबाई म्हणाल्या.

"बसवतील की," झुंबरबाई म्हणाल्या. "आन् उद्घाटनाची पाटी लावून झाली का बंद पडल."

एवढं बोलणं होतंय तोवर जेनोवाची लिफ्टच बंद पडली. उद्घाटनाला किती वर्षं झाली होती कोण जाणे.

आधी मोठा हिसका बसला, मग दिवा गेला. कुणाची बाटली पडली, कुणाची पिशवी, आजीची टोपली. अंधारात सगळे खाली वाकून चाचपडू लागले. डोक्याला डोकं आपटलं. "अगं आई गं" आणि "मम्मा मिया" एकाच वेळी ऐकू आलं. मग छतावर एक पिवळा, आजारी दिवा लागला.

प्राचीच्या एका हातात फोन होता. दुसरा हात रिकामा होता.

"माझा पासपोर्ट?" ती म्हणाली. "आत्ता हातात होता. पडला. खाली पडला माझ्या."

सगळ्यांनी खाली पाहिलं. खाली पत्र्याची साफ जमीन होती आणि तिच्यावर चौदा पाय होते. दाराची फट इतकी बारीक की त्यातून विडीचा कागदही गेला नसता.

"आसल इथंच," सारजाबाई म्हणाल्या. "पळून कुटं जातोय?"

"आत्ता पाहिजे मला तो!" प्राचीचा आवाज फाटला. "माझी तीन वाजता मुलाखत आहे!"

२

लिफ्टमध्ये आधीच हवा कमी होती. हे वाक्य ऐकून उरलेली थोडी सावळारामांनी एका दमात आत घेतली.

"कसली मुलाखत?" सारजाबाई म्हणाल्या. "टीव्हीवर देणार हायेस का?"

ऋषी छताकडे बघायला लागला. दादाभाऊ मुलीकडे बघत राहिले.

सावळाराम म्हणाले, "द्राक्षं काय आपल्याकडं पिकत न्हाईत? जिल्हा भरलाय द्राक्षांनी. त्याच्यासाठी दर्या कशाला ओलांडायचा?"

"मामा, तसं नाही," प्राची म्हणाली, आणि मग तिनं सांगून टाकलं. लपवून ठेवायला त्या जागेत कोपराच नव्हता. ती नारायणगावजवळच्या पॅकहाउसमध्ये निर्यातीच्या द्राक्षांची प्रत तपासायची. जेनोवाच्या बंदरात फळं उतरवून घेणारी एक कंपनी होती. फोनवर दोन मुलाखती झाल्या होत्या, आता शेवटची समोरासमोर. कंपनीचं ऑफिस बंदराच्या आत, पासपोर्ट दाखवल्याशिवाय तिथं गेटवर उभं करत नव्हते. थोरल्यांना वरच्या बागेत बसवायचं, खरेदीला जातो म्हणायचं आणि खाली यायचं, असा दोघांचा बेत होता.

"आन् नोकरी लागली का?" सारजाबाईंनी विचारलं.

"मग इथं राहायचं. मी आणि हे."

'हे' अजून छताकडेच बघत होते.

"आज चुकली तर ते दुसऱ्याला घेणार आहेत, आत्या. त्यांनी तसं स्पष्ट सांगितलंय. हे बघा, मी लग्नाच्या आधीपासून यासाठी..." तिनं दोन्ही हातांनी दारावर थापा मारल्या. दार जाड होतं. त्याला काही वाटलं नाही.

भिंतीवरच्या जाळीतून एक इटालियन आवाज आला. बराच वेळ बोलला. आजीनं त्याला तितकंच लांब उत्तर दिलं. मग आजीनं मंडळींकडे वळून दोन्ही तळहात खाली दाबून दाखवले. याचा अर्थ 'थांबा' असा असावा, किंवा 'खाली पडणार आहोत' असाही असू शकतो, असं ऋषी म्हणाला. बायकोनं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की आज रात्री ती बिनखिडकीची खोली त्याला आणखी लहान वाटणार होती.

तेव्हा झुंबरबाईंनी पर्स काखेत मारली आणि पाय फाकवून लिफ्टच्या मधोमध उभ्या राहिल्या. चालत्या गाडीत उभं राहायची त्यांची ही सवय होती. गाडी चालत नव्हती, पण सवयीला ते कुठं ठाऊक?

"कुणी हलायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "गाडीत चढल्यालं माणूस उतरल्याबिगर गायब व्हत न्हाई. पासपोर्टाचंबी तसंच. कुणीतरी उचललाय. आता तपासणी."

"म्हंजी आमाला चोर म्हणता का बाई?" सावळाराम म्हणाले.

"अजून न्हाई म्हन्ले," झुंबरबाई म्हणाल्या. "तपासून म्हन्ते."

३

पहिल्यांदा बाईंनी स्वतःची पर्स उलटी केली. मग सारजाबाईंची झडती. त्यांच्या पिशवीतून शेंगदाण्याची चटणी, बाजरीच्या भाकरी, जहाजावरच्या हॉटेलातली सहा साबणं आणि तीन चमचे निघाले.

"साबणं देत्यात ती ठेवायचीच असत्यात," सारजाबाई म्हणाल्या.

"आन् चमचे?"

"ते साबणांत आलं आसतील."

प्राचीनं स्वतःची बॅग दोनदा ओतली. आजीनं न सांगता टोपली पुढं केली. तिच्यात एका कुंडीत हिरवंगार रोप होतं. सारजाबाईंनी पान चुरगळून हुंगलं. "तुळशीचीच बहीण हाय ही," त्या म्हणाल्या आणि अंधारात देवाला केला नव्हता तो नमस्कार करून घेतला. कुंडीखाली बिस्किटांचा पुडा होता, पासपोर्ट नव्हता.

मग पुरुष. ऋषीला झुंबरबाईंनी दादाभाऊंकडून तपासून घेतलं. त्याच्याकडे फोन, चार्जर आणि घामानं भिजलेला नकाशा सापडला.

"आता ऋषी, तू तुज्या वडलांना बघ."

सावळारामांनी हात वर केले. कोपरी, खिसे, टोपी, चपला. कोपरीच्या आतल्या खिशातून तंबाखूची डबी निघाली, तिच्याकडे सारजाबाईंनी बघितलं आणि पुढच्या आठवड्याचं भांडण तिथंच ठरून गेलं. बाकी काही नव्हतं.

"आता तुज्या सासऱ्यांना, आप्पांना बघ."

दादाभाऊ सावळारामांच्या शेजारीच उभे होते. हे सगळ्यांना जरा अवघडल्यासारखं होतं, कारण लग्नापासून दोघं व्याही एकमेकांशी बोलत नव्हते. लग्नात व्याह्यांच्या आधी एका पुढाऱ्याला फेटा बांधला गेला होता. तेव्हापासून सगळा कारभार तिसऱ्या माणसामार्फत चाले. जहाजावर एका टेबलाला बसूनसुद्धा "प्राची, तुज्या सासऱ्यांना मीठ सरकव" असं चालायचं. तीन देश झाले, पण मीठ अजून प्राचीच सरकवत होती.

दादाभाऊंच्या हातावर उपरणं होतं. गरमीनं त्यांनी ते खांद्यावरून काढून हातावर टाकलं होतं. ते त्यांनी बाजूला दिलं आणि दोन्ही हात वर केले. ऋषीनं सासऱ्यांचे खिसे बघितले, संकोचानं, पण नीट बघितले. एक चष्मा. देवीचा अंगारा. जहाजाचं कार्ड.

"न्हाई," ऋषी म्हणाला.

"तुज्या सासऱ्यांची टोपी?"

टोपीत टक्कल होतं.

झुंबरबाईंनी कोपऱ्या-कोपऱ्यात बोटं फिरवली. छताच्या दिव्याच्या झाकणाला कुणाचा हात पोचत नव्हता. बाकडं भिंतीत पक्कं बसवलेलं होतं, खाली पोकळी नव्हती.

"झालं," त्या म्हणाल्या. "सात माणसं तपासली. पासपोर्ट गाडीत हाय, आन् कुणाकडंच न्हाई."

प्राची बाकड्यावर बसली. तिनं फोनकडे पाहिलं. डोंगराच्या आत रेंज नव्हती.

"मावशी," ती म्हणाली, "तीन वाजायला येतील."

४

लिफ्ट तशीच. घामाचा, तंबाखूचा आणि आजीच्या तुळशीच्या बहिणीचा वास एकमेकांत मिसळून गेला होता. सारजाबाईंनी पदरानं वारा घ्यायला सुरुवात केली. दोनदा त्या पदराचा फटका ऋषीच्या नाकाला बसला, पण सरकायला जागा नव्हती.

झुंबरबाईंनी चौकशी सुरू केली. संशयितांना एका खोलीत गोळा करण्याचा त्रास त्यांना नव्हता. सगळे आधीच गोळा होते.

"सारजाबाई, सून परदेशी जाणार म्हन्ल्यावर तुमाला कसं वाटलं?"

"कसं वाटणार? माझा एकुलता एक हाय तो. पन मला आत्ता कळलं, अंधार व्हायच्या टायमाला मला काय ठाऊक?"

हे खरं होतं. झुंबरबाईंनी मान हलवली.

"ऋषी, तुला ठाऊक व्हतं."

"हो."

"जायची विच्छा हाय तुजी?"

ऋषीनं चार्जरची वायर बोटाला गुंडाळली. बायको, आई आणि वडील हे तिघंही हाताच्या अंतरावर असताना या प्रश्नाचं उत्तर देणं सोपं नाही. "भीती वाटते," तो शेवटी म्हणाला. "इथं मी काय करणार? माझं टोमॅटोचं काम तिकडं. भाषा येत नाही. लिफ्टमधनं बाहेर कसं पडायचं ते पण विचारता येत नाही मला."

"मग मला सांगितलं का नाहीस?" प्राची उठली. "तू घेतलास?"

"नाही गं! शपथ."

"मला काल म्हणालास, तू जिकडं मी तिकडं. काल!"

"काल समुद्र शांत होता," ऋषी म्हणाला. हे बोलायला नको होतं.

प्राची भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "सगळ्यांनी मिळून मला या डब्यात घातलंय," ती हळू म्हणाली. "घरात तेच, जहाजावर तेच. आतली खोली, आतली खोली. एक दार होतं. तेवढं एकच होतं."

पिवळा दिवा एकदा मिचकावला. तेवढ्यात सावळारामांच्या तोंडून एक शब्द निघाला, अगदी स्पष्ट, जसा माणूस मोठं काम उरकल्यावर बोलतो.

"दिला."

सारजाबाईंनी वारा घ्यायचा थांबवला. "काय दिला?"

"कुटं काय?" सावळाराम दचकून म्हणाले. "घाम आला म्हन्लं."

ऋषी म्हणाला, "अण्णा, चक्कर येतेय का?"

इटालियन आजी सावळारामांच्या आणि दादाभाऊंच्या समोरच बसली होती. ती मघापासून दोघांकडे बघून गालात हसत होती. आता तिनं पुडा फोडला, एक बिस्कीट घेतलं, मधोमध मोडलं, आणि अर्धं सावळारामांच्या, अर्धं दादाभाऊंच्या हातात ठेवलं. बाकी कुणाला दिलं नाही. मग तिनं दोघांकडे बोट दाखवून स्वतःच्या छातीवर हात ठेवला, आणि डोळे पुसले.

दोन्ही व्याह्यांनी बिस्कीट हातात धरलं. सावळारामांनी डाव्या हातात, दादाभाऊंनीही डाव्याच हातात.

झुंबरबाई आजीकडे बघत राहिल्या. मग त्या दोघांकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आत्ता गं बया."

५

"बसा सगळी," झुंबरबाई म्हणाल्या. बसायला जागा नव्हती, म्हणून सगळे उभ्यानंच बसल्यासारखे झाले.

"बिनतिकिटाचा माणूस तपासणीत का सापडत न्हाई, ठाऊक हाय? तो पळून जात न्हाई. पळायला जागाच नसती. ज्या बाकावरचं तपासून झालंय तिथं तो जाऊन बसतो. मी पुढं, का तो मागं. आपल्या पासपोर्टानं तेच केलं. तो एका जागी व्हताच कुटं?"

"म्हणजे?" प्राचीनं वळून पाहिलं.

"म्हंजी दोघं लागत्यात. एकाची झडती चालू, तवा दुसऱ्याकडं. दुसऱ्याची चालू, तवा पहिल्याकडं. आता कोन दोघं? तू आन् ऋषी? त्यानं घेतला आस्ता तर तुला दिला न्हाई आस्ता. सारजाबाई आन् ऋषी? मधी मी हुबी व्हते. मग उरलं कोन?"

"हे दोघं?" सारजाबाई हसल्याच. "अवो बाई, ते मीठ देत न्हाईत एकमेकांना."

"म्हनून तर कुणी बघितलं न्हाई त्यांच्याकडं. आपल्याला त्यांचं भांडण ठाऊक. ह्या म्हातारीला न्हाई ठाऊक. तिला काय दिसलं? दोन म्हातारी माणसं, अडकल्याली, उपरण्याखाली एकमेकांचा हात घट्ट धरून हुबी. तिला वाटलं काय दोस्ती हाय! म्हनून बिस्कीट मोडलं."

सगळ्यांनी खाली पाहिलं. दोन्ही व्याह्यांचे उजवे हात एकाच उपरण्याखाली होते.

"ऋषीनं तुमची झडती घेतली, दादाभाऊ, तवा ह्ये उपरणं तुमी बाजूला दिलं. कुणाला दिलं? व्याह्यांना. आन् त्यांनी घेतलं! बोटीवर तुमच्या हातचं मीठबी घेत न्हाईत त्ये. त्यांची तवर झडती झालीवती. पासपोर्ट उपरण्यात व्हता."

सावळारामांचा चेहरा राखाडी बाकड्याच्या रंगाचा झाला.

"उचलला तुमी, सावळाराम. प्राची म्हन्ली मुलाखत. कसली ते बोललीच नव्हती, तवर तुमी द्राक्षावर आला. तुमाला कसं ठाऊक?"

"सकाळी," सावळाराम पुटपुटले. "वरच्या मजल्यावर, ती होडी टांगलीय ना, तिच्यामागं मी... डबी घेऊन बसलोवतो. ही फोनवर बोलत व्हती. पन सांगणार कसं? तिथं मी काय करत व्हतो, ह्ये आधी विचारलं आस्तं." त्यांनी सारजाबाईंकडे बघायचं टाळलं. "मुद्दाम न्हाई केलं, पोरी. अंधारात हाताखाली आला. सोडवना."

"आणि आप्पा?" प्राचीचा आवाज अगदी लहान झाला होता. "तुम्ही?"

दादाभाऊंनी उपरण्याखालून पासपोर्ट काढला. तो घामानं ओला झाला होता. "मीबी चाचपडत व्हतो," ते म्हणाले. "माजा हात पडला तो व्याह्यांच्या हातावर. हातात पासपोर्ट. आता आरडलो आस्तो तर सासऱ्याला चोर केला आस्ता, सगळ्यांसमोर. मग तुजा संसार कुटं? म्हनून हात धरला आन् वर उपरणं टाकलं. मग म्हन्लं, बोलून बघू."

"बोलत नाही ना तुम्ही!"

"तोंडानं न्हाई," झुंबरबाई म्हणाल्या. "बेल्ह्याच्या बाजाराच्या गाडीवर मी दहा वर्सं काढली. निम्मे सौदे माज्या गाडीतच व्हायचे. उपरण्याखाली हात, बोटं दाबायची, आकडा ठरायचा. शेजारच्याला कळत न्हाई. सौदा तुटला तर चूपचाप हात निघतो. आन् जुळला तर इकणारा म्हन्तो, दिला. ही सवय काय लिफ्टात जाती व्हय? सावळारामांनी बैल इकलेत जन्मभर. तोंडातनं गेलं."

"पण आकडा कशाचा?" ऋषीनं विचारलं.

दोघं व्याही आपापल्या बिस्किटाकडे बघू लागले.

"कशाचा?" प्राची म्हणाली.

"वर्सांचा," दादाभाऊ म्हणाले. "मी पाच मागितली. व्हय, पाच वर्सं जाऊ द्या पोरांना. त्यांनी एक दिलं. मी चार. ते दोनावर अडले. शेवटी तीनवर आलं. तीन वर्सं, मग परत. मग पासपोर्ट हळूच खाली टाकणार व्हतो. पन बाईंनी जमीन आधीच झाडून बघितल्याली. टाकायला जागाच न्हाई ऱ्हायली."

त्यांना वाटलं होतं, मुलगी आता गळ्यात पडेल. त्यांनी चांगला सौदा केला होता. एकावरून तीनवर आणला होता, अडकलेल्या लिफ्टमध्ये, समोर घाबरलेला माणूस असताना.

प्राचीनं वडलांच्या हातातून पासपोर्ट घेतला. कुणाकडे न बघता तो पदराला पुसला.

"बैल आहे का मी, आप्पा?"

दादाभाऊंनी हातातलं अर्धं बिस्कीट बाकड्यावर ठेवलं.

"मामांनी चोरला, ते कळतं मला. त्यांना भीती वाटली. पण तुम्ही... मी इथं आहे ना? एवढ्या जवळ? माझा हात का नाही धरला?"

दादाभाऊंनी उपरण्याची घडी घालायला घेतली. ती काही जमेना.

तेवढ्यात डोंगराच्या आत कुठंतरी काहीतरी कुरकुरलं, लिफ्टला एक धक्का बसला, आणि ती वर जायच्या ऐवजी खाली निघाली.

६

दार उघडलं तेव्हा बाहेर निळ्या कपड्यांतले दोन जण हसत उभे होते. आजीनं त्यांना खूप काही ऐकवलं. तीन वाजायला दहा मिनिटं होती, प्राची थांबली नाही. ती फोनवरचा नकाशा बघत गल्लीत वळलीसुद्धा.

ऋषी दारात उभा होता. त्यानं बायकोच्या पाठीकडे बघितलं, मग आईकडे.

"काय बघतो माज्याकडं?" सारजाबाई म्हणाल्या. "मी काय तुला धरलंय?"

"आई, पण तुम्ही..."

"आमी जातू बोटीवर. तुला भाषा येत न्हाई, तिला तर येती. जा की रं!"

ऋषी धावत सुटला. सारजाबाई तो दिसेनासा होईपर्यंत ताठ उभ्या होत्या. मग त्या म्हणाल्या, "पानी हाय का कुणाकडं?" आणि बाटली दोन्ही हातांनी धरून प्याल्या.

शहर बघायचं राहूनच गेलं. चौघं बंदराच्या कठड्यावर बसून राहिले. पुढं पांढरं जहाज, मागं डोंगरावर चढत गेलेली पिवळी-तांबडी घरं. सारजाबाईंनी चटणी-भाकरी काढली. दादाभाऊ घास घेईनात.

सावळारामांनी भाकरी त्यांच्यापुढं केली. "व्याही, खा."

सारजाबाईंनी आणि झुंबरबाईंनी एकमेकींकडे पाहिलं, पण दोघीही शहाण्या होत्या. त्यांनी चटणी वाढून घेतली.

"माजं चुकलं," सावळाराम म्हणाले.

"तुमचं कमी," दादाभाऊ म्हणाले. "तुमी नुसतं उचललं. मी भाव केला."

जहाजाचा भोंगा झाला. जिन्याजवळच्या पोरानं हातानं खुणा केल्या, चला, चला. झुंबरबाई उठल्या, सारजाबाई उठल्या. दोघं व्याही उठेनात.

"पोरं आल्याबिगर मी न्हाई चढत," सावळाराम म्हणाले.

"म्हंजी तुमी इथं राहणार? जेनोवात? सोबत कोन?" सारजाबाईंनी विचारलं.

"मी हाय की," दादाभाऊ म्हणाले.

जिन्याजवळचा पोरगा आता ओरडू लागला होता. झुंबरबाई त्याच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवून तशाच थांबल्या. दारात पाय असताना गाडी सुटत नाही, हे जगात सगळीकडे चालतं. पोरगा इटालियनमध्ये बोलत होता, बाई मराठीत. दोघांचाही मुद्दा पक्का होता.

मग गर्दीतून ऋषी दिसला, धापा टाकत. त्याच्या पुढं प्राची होती. केस सुटलेले, चप्पल हातात.

ती त्यांच्यापाशी येऊन थांबली. सारजाबाईंनीच आधी विचारलं, "काय म्हन्ले गं?"

"घेतलं मला, आत्या. जूनपासून."

सारजाबाईंनी तिच्या गालावर हात ठेवला. तो त्यांनी लगेच काढला नाही.

सावळारामांना राहवलं नाही. अगदी हळू, जमिनीकडे बघत त्यांनी विचारलं, "किती वर्सांसाठी?"

"त्यांनी विचारलं नाही, मामा," प्राची म्हणाली. "मीपण सांगितलं नाही."

जिना अरुंद होता, एका वेळी एकच माणूस. इतके दिवस प्रत्येक बंदरात आधी सावळाराम चढायचे, मग दादाभाऊ, मग बायका. आज दोघंही बाजूला सरकले. प्राचीनं पासपोर्ट काढून त्या पोराला दाखवला आणि ती पहिली वर गेली.